डावा पाय, बाहेरचा कोपरा

९ नोव्हेंबर २०२५, रविवार. अमरावती

क्रमवार लिहून ठेवते. उद्यापासून आठवण बदलायला लागेल. हे बदलू नये.

१. सकाळी ७.१० ला पौर्णिमा गोल्फच्या सरावाला उभी राहिली. जागा नेहमीची: वलगाव रस्त्यावरचं आमचं शेत, झेंडूच्या पट्ट्याशेजारी, जिथे शेडनेटची जाळी टांगली आहे.

२. दोन पाय दोन वजनकाट्यांवर. पायात रबरी खिळ्यांचे बूट. डाव्या पावलाच्या बाहेरच्या अंगाला लाकडी पट्टी.

३. पहिले तीस फटके सात नंबरच्या आयर्नने. पुढचे ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब स्टिकने.

४. चाळिसाव्या फटक्यानंतर ती थांबली. तिने काहीतरी विचारलं. मी म्हटलं, अजून दहा.

५. त्रेचाळिसावा फटका. चेंडू नीट लागला, जाळीत गेला. डाव्या गुडघ्यातून आवाज आला. मी दोन मीटरवर होते. मला ऐकू आला.

६. ती पडली. ओरडली नाही. म्हणाली, "ताई, पाय वळला माहा."

७. बाबा कामावर होते. आईने आणि मी तिला शेजारच्या सूर्यभानकाकांच्या टेम्पोत झेंडूच्या क्रेटांमध्ये आडवं केलं. दवाखान्यात ८.२५ ला पोचलो.

८. नऊपर्यंत गुडघा दुप्पट झाला होता. एमआरआय उद्या.

वही नवी आहे म्हणून संदर्भही लिहिते. कार्यशाळेत प्रत्येक काट्याच्या फाईलवर पहिल्या पानाला तो कुणाचा आणि कशासाठी, हे लिहावंच लागतं.

पौर्णिमा माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. गोल्फ खेळते. बाबा, खुशालराव, इथल्या एका क्लबच्या नऊ होलच्या मैदानावर बावीस वर्षं माळीकाम करतात. त्यांच्यामागे फिरत फिरत ती शिकली. आई, आशाबाई, दीड एकरात भाजी आणि झेंडू करते, बाजारात स्वतः बसून विकते. मी रागिणी, सत्तावीस. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी. अकोल्याला वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत नोकरी, रविवारी घरी. सरावाचे काटे मीच आणले होते. डाळ मिलमधून बाद झालेले दोन, मालकांना विचारून. प्रत्येक पायावर किती भार कधी येतो ते लॅपटॉपवर दिसतं, सेकंदाला ऐंशी वेळा; मी नसताना नोंद काट्यातच साठते.

पुण्याच्या अकादमीची निवड चाचणी २० डिसेंबरला आहे. निवड झाली असती तर तीन वर्षं राहणं, खाणं, शिकणं तिथेच.

"असती" असं लिहिलं गेलं. अजून अहवाल आलेला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

अहवाल: गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध पूर्ण तुटला. हाडांमधली आतल्या बाजूची गादी फाटली.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी फाईल धरून उभी होते. मी तोंड उघडायच्या आत पौर्णिमा म्हणाली, "माहा पाय वळला, सर. ताई रोज सांगे, पाऊल हलवू नको, हलवू नको. मी नाई ऐकलं."

आई म्हणाली, "मोठीचं ऐकाव लागते ना वं माय."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: पाऊल वळून इजा. मी ते वाचलं. तारीख बरोबर होती, वय बरोबर होतं, पाय बरोबर होता. मी काही दुरुस्त केलं नाही.

दुपारच्या गाडीने अकोल्याला परत.

१२ नोव्हेंबर, बुधवार. अकोला

शांतपणे विचार करायचा प्रयत्न करते आहे.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा पाय पुढचा. स्टिक मागे जाते तेव्हा वजन उजव्या पायावर असतं. ती खाली येताना, चेंडूला लागायच्या आधीच, वजन डाव्यावर यावं लागतं. मग डावा गुडघा सरळ होतो, पाय जमिनीला दाबतो, त्या दाबाने कंबर वर आणि मागे फेकली जाते, आणि तिचा वेग खांद्यांना, हातांना, शेवटी स्टिकला मिळतो. लोक हातांकडे बघतात. ताकद पुढच्या पायातून येते.

पौर्णिमाचं वजन ५८ किलो. सप्टेंबरमध्ये फटक्याच्या वेळी डाव्या काट्यावर ७१ यायचे. ऑक्टोबरअखेर ९४. क्लबच्या मैदानावर तिचा चेंडू अठरा मीटर लांब पडायला लागला. ती मला फोन करून ओरडली होती. "ताई, तळ्यापल्याड! तळ्यापल्याड गेला!" त्या दिवशी मी कार्यशाळेत कुणाला काही सांगितलं नाही, पण डबा खाताना दोनदा हसले असं माझी सहकारी हर्षा म्हणाली.

इजेची संभाव्य कारणं, तपासायला हवीत अशी: बुटांचे खिळे नवे होते. दिवाळीत तिने आईबरोबर फुलांचे क्रेट उचलले. काळी माती सुकून दगडासारखी झाली आहे, काटे त्यावर ठेवलेले, जराही लवचीकपणा नाही. ड्रायव्हर तिच्या उंचीला थोडा लांब आहे. झोप कमी.

पट्टीबद्दल. ती २६ ऑक्टोबरला लावली. फटका झाल्यावर तिचं पाऊल बाहेरच्या कडेवर जायचं आणि चवडा निशाण्याकडे फिरायचा. त्यामुळे काट्याचा पाट कलून चौकटीला घासायचा आणि आकडा बिघडायचा. दहातले चार फटके टाकून द्यावे लागत. पट्टीनंतर एकही नाही.

पट्टीचा इजेशी संबंध आहे असं म्हणायला आज माझ्याकडे पुरावा नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. अमरावती

पौर्णिमा पुढच्या खोलीत खाटेवर. मांडीपासून पोटरीपर्यंत पट्ट्यांचा आधार. मी गेले तेव्हा ती मोबाइलवर काही बघत होती. मी वाकले तर तिने स्क्रीन उलटी केली. स्वतःचेच जुने फटके बघत होती.

चहाला शेखरकाका आले. तीस वर्षं क्लबवर लोकांच्या पिशव्या वाहिल्या, आता मुलांना शिकवतात. पौर्णिमाच्या हातात पहिली स्टिक त्यांनी दिली. केळी घेऊन आले होते.

मग जे झालं ते विचित्र होतं, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

आई म्हणाली, "माहीच चूक हाये. दिवाळीत पोट्टीले क्रेट उचलाले लावले म्या. तठीच गुडघा कच्चा झाला."

बाबा म्हणाले, "क्रेटानं काय होते. जाळी म्या टांगली काळ्या मातीत. क्लबवर साहेबाले म्हनलं असतं त त्यायनं कोपऱ्यात जागा देली असती. हिरवळीवर पाय मोकळा राह्यते."

शेखरकाका केळ्यांच्या पिशवीकडे बघत म्हणाले, "म्या जोरानं सांगाले पायजे होतं. हळू सांगतलं म्या."

काय सांगायला हवं होतं, हे कुणी विचारलं नाही.

पौर्णिमा म्हणाली, "तुमीच सगळं वाटून घेऊन राह्यले, मंग माह्यासाठी काय ठेवलं?"

सगळे हसले. बाबा पण हसले. मग ती म्हणाली, "पाय माहा. वळवला मी. झालं ना आता."

मी चहा ओतला. पाच कप. बशीत एक थेंब सांडला नाही.

शेखरकाकांना सोडायला फाटकापर्यंत गेले. २ नोव्हेंबरला याच फाटकाशी ते मला म्हणाले होते, "इंजिनियर बाई, ते पट्टी काढ. फटका झाल्यावर पाय फिरला पायजे. दाबून ठेवशीन त सगळं गुडघ्यावर येईन." मी विचारलं होतं, "काका, तुमच्याकडे आकडा आहे?" ते म्हणाले होते, "आकडा नाई. तीस वर्षं लोकायचे पाय पाह्यले." मी नम्रपणे मान हलवली होती. मला ती मान हलवणं आठवतं.

आज त्यांनी स्कूटरला किक मारायच्या आधी एवढंच म्हटलं, "तू काई बोलली नाई."

"काय बोलू?"

"मले काय विचारते."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. अकोला

आज एका डाळ मिलचा मोठा काटा तपासायला होता. कोपऱ्याची चाचणी मीच घेते. एकच प्रमाणित वजन आधी मध्यभागी, मग पाटाच्या चारही कोपऱ्यांवर ठेवायचं. आकडा सगळीकडे सारखा यायला हवा. पाटाखाली चार कोपऱ्यांना चार भार मोजणारे तुकडे असतात. एक बिघडला की त्या कोपऱ्यावर खोटं वजन दिसतं. हमालाने विचारलं, "मॅडम, मधात बरोबर आलं ना, मंग कोपऱ्यात काहून पाहता?" मी रोजचं उत्तर दिलं: बिघाड मध्यभागी दिसत नाही.

तिसऱ्या कोपऱ्यावर वजन ठेवताना माझा हात थांबला.

सरावाच्या काट्यांचे चारही कोपरे मी वेगवेगळे नोंदवत होते. बघितले कधीच नाहीत. मला एकूण आकडा हवा होता. एकूण वाढत होता.

खोलीवर येऊन लॅपटॉप उघडला. डावा काटा, पुढचा बाहेरचा कोपरा. पट्टीच्या आधी: पाऊल तिथे येतं, साधारण २० किलो पडतात, मग चवडा फिरतो आणि भार टाचेच्या कोपऱ्याकडे जातो. पट्टीनंतर पहिल्या दिवशी ३३. २ नोव्हेंबरला ४४. ८ नोव्हेंबरला ५२. टाचेकडे काही जात नाही. भार तिथेच अडकून राहतो, एक पंचमांश सेकंद, दर फटक्याला.

९ नोव्हेंबर, फटका त्रेचाळीस: ६१. मग सगळे कोपरे शून्य.

पाऊल वळलं असतं तर भार सरकला असता. सरकला नाही. म्हणजे पाऊल वळलंच नाही. ते जिथे ठेवायला सांगितलं होतं तिथेच होतं. शरीर वर निशाण्याकडे फिरलं, पाऊल खाली बांधलेलं, आणि मध्ये गुडघा होता.

तिने माझं ऐकलं होतं.

मी आलेख पाच वेळा काढला. पाचही वेळा तोच आला.

२३ नोव्हेंबर, रविवार. अमरावती

बाबा शेतात होते. जाळी खाली उतरवून गुंडाळत होते. अनवाणी. क्लबवरही सकाळी सगळ्यांच्या आधी ते हिरवळीवर अनवाणी चालतात, ओल कुठे कमी कुठे जास्त ते तळपायाने बघतात. पौर्णिमाला लहानपणी त्यांनी तशीच उभी केली होती. म्हणायचे, पायाले जमीन कळली पायजे. बूट तिला मी घेऊन दिले. बूट घातल्याशिवाय आकडा स्थिर येत नव्हता.

बाबांनी विचारलं, "रागिनी, तुह्या त्या यंत्रात दिसते का वं, पाय कसा वळला ते?"

मी म्हटलं, "नाही बाबा. ते फक्त वजन दाखवतं."

वाक्य खरं होतं.

"मंग जाऊ दे," ते म्हणाले. "पोट्टी म्हनते वळला, त वळला असन. मी आपला विचार करून राह्यलो होतो. ह्या पोट्टीचा पाय लहानपनापासून पाहून राह्यलो, असा सुटत नाई तो." मग त्यांनी जाळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि आम्ही ती मिळून गुंडाळली. घट्ट, सरळ, कोपऱ्याला कोपरा लावून. बाबा म्हणाले, "बरं जमते तुले."

घरात गेले नाही. पौर्णिमा झोपली आहे असं आई म्हणाली. मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण लिहिते.

३० नोव्हेंबर, रविवार. अमरावती

ती काठीच्या आधाराने झेंडूपर्यंत आली. मी खुर्ची आणून दिली. ती बसली, बसल्या बसल्या हाताला येतील तेवढी फुलं खुडायला लागली.

"मी ऑपरेशन नाई करून राह्यली," ती म्हणाली.

"का?"

"चालता येते ना. चालाले पुरते. डॉक्टर म्हनले, बाकीच्यायले चालून जाते."

"वळताना गुडघा सुटेल. खेळता येणार नाही."

"तेच त सांगून राह्यली. नाई खेळायचं." तिने फुलं ओच्यात टाकली. "नवा बंध टाकतीन, पन पाय त माहाच राहीन ना? तू दोन आठवडे कानीकपाळी ओरडली, हलवू नको. मी पक्कं ठरवून उभी राहो. मले वाटे मी नाई हलवून राह्यली. तरी बी हलला. मंग भरोसा कोनावर ठेवू? उद्या पुण्याले हजार लोकायसमोर बी असाच हलन."

खाली पडलेलं एक फूल मी उचलून तिच्या ओच्यात टाकलं.

"तू नको वाईट वाटून घेऊ, ताई. तू केलं तेवढं कोनी नाई करत. फुलं तोलून विकतो आपन, तू मलेच काट्यावर तोललं," ती हसली. "डावा इतके किलो, उजवा इतके किलो. गिऱ्हाईकच नाई आलं."

मी म्हटलं, "डॉक्टरांशी एकदा बोल."

याच्यापेक्षा वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही. ते वाक्य बोलायला मला तीन सेकंद लागले आणि त्या तीन सेकंदांत दुसरं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

दुरुस्ती. ९ नोव्हेंबरच्या नोंदीतला मुद्दा ४ अपुरा आहे. पूर्ण असा: चाळिसाव्या फटक्यानंतर ती थांबली, वाकली, डाव्या गुडघ्याची आतली बाजू अंगठ्याने दाबली आणि म्हणाली, "ताई, पट्टी काढू का आज? ठणकून राह्यलं." मी स्क्रीनकडे बघत होते. वर न बघता म्हटलं, "अजून दहा. पन्नास झाले की काढू." पन्नास मी ठरवले होते. सरासरीला पन्नास बरे पडतात.

आणखी एक दुरुस्ती. ६ नोव्हेंबरला तिने फोनवरही सांगितलं होतं, आतून ठणकतं. मी तिच्या सरावाच्या नोंदीत लिहिलं: स्नायूंचा थकवा, अपेक्षित.

३ डिसेंबर, बुधवार. अकोला

अर्ध्या दिवसाची रजा. एमआरआयच्या प्रती घेऊन इथल्या एका गुडघ्याच्या सर्जनकडे गेले. पेशंट नाही, फक्त बहीण, असं आधीच सांगितलं. त्यांनी फिल्म उजेडाला धरली.

मी विचारलं, "गोल्फमध्ये पुढचा पाय... पाऊल फिरलं असतं तर हे झालं असतं?"

"फिरलं असतं तर जोर पावलातून निघून गेला असता. हे पाऊल फिरलेलं नाही. घट्ट रोवलेलं होतं. बूट कशात अडकला होता का?"

"हो."

"कशात?"

"लाकडी पट्टी होती. बाहेरच्या बाजूला."

"कुणी लावली?"

"मी."

पहिल्यांदा बोलले, ते अनोळखी माणसासमोर. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "मुलीचा पाय उत्तम आहे. तिने सांगितलं ते पायाने केलं. कुणाचाही गुडघा गेला असता."

ते पुढे जे म्हणाले ते अचूक लिहिते. बंध नवा घातला तर परत खेळायला नऊ महिने ते वर्ष. पूर्वीसारखं होईल याची खात्री कुणी देणार नाही, पण बरेच खेळाडू परततात. फाटलेली गादी आज शिवता येईल. महिनोन्महिने लांबलं, गुडघा सुटत राहिला, तर शिवण्यासारखी उरणार नाही, कापून काढावी लागेल. सोमवार, १५ डिसेंबर सकाळची वेळ त्यांच्याकडे मोकळी आहे. १० तारखेला रात्री ते यादी बंद करतात.

बाहेर येऊन पायरीवर बसले. बस, रिक्षा, उसाचा रस. सगळं चालू होतं. मी काही वेळ लोकांचे डावे पाय बघत होते.

६ डिसेंबर, शनिवार

फोन केला. आईने उचलला.

"पौर्णिमा आहे?"

"हाये ना, भाजी निवडून राह्यली. देऊ?"

"थांब. बाबा?"

"ते क्लबवर गेले. पोट्टीची स्टिकची पिशवी वापस कराले, क्लबचीच हाये ना ते. तिनंच सांगतलं. म्हने घरात दिसली का जीव लागते. बाबा सकाळपासून पुसून राह्यले होते एक एक दांडा. दुसऱ्याच्या हाती जाईन त चांगली जाव म्हने. तू येतं का उद्या? भरीत करतो."

मी म्हटलं, बघते. पौर्णिमाला फोन दे, असं म्हटलं नाही.

तीन कागद फाडले. चौथा ठेवला. त्याला आलेख जोडले, फक्त दोन: २५ ऑक्टोबर आणि ९ नोव्हेंबर. कोपरा लाल शाईने गोल केला.

मला माहीत आहे की चिठ्ठी लिहिणं हा भित्रेपणा आहे. समोर उभी राहिले तर मी पुन्हा एखादं खरं वाक्य बोलेन आणि खोटं उत्तर देईन.

७ डिसेंबर, रविवार. अमरावती बसस्थानक, मग परत

बाबांना स्टँडवर बोलावलं. ते सायकलवर आले, धुतलेला शर्ट घालून.

"अठी काहून बलावलं? घरी चाल ना वं माय. आईनं भरीत केलं."

"मला साडेबाराची गाडी आहे."

अकरा वाजले होते. त्यांनी स्टँडच्या घड्याळाकडे बघितलं. मी पाकीट दिलं. "पौर्णिमाला द्या. आजच."

"का लिवलं यात?"

सांगितलं. उभ्या उभ्या, चार वाक्यांत. पट्टी, तिचा प्रश्न, माझे दहा फटके, आलेख. बाजूला मूर्तिजापूरची गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता, एका वाक्याला मला आवाज चढवावा लागला. "तिचा पाय वळला नाही बाबा, मी अडवला होता," हे मी बसस्थानकावर ओरडून सांगितलं.

बाबांनी पाकीट उलटून पालटून बघितलं. मग म्हणाले, "मंग त्या दिवशी शेतात मले म्हनली, वजनच दाखवते."

"हो."

"तवा मालूम होतं तुले?"

"हो."

त्यांनी पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं, वरून हात फिरवून बघितलं. मला वाटलं ओरडतील. मला ते हवं होतं. ते म्हणाले, "महिना झाला. पोट्टी सवताच्याच पायाले शिव्या देऊन राह्यली. रोज सकाळी. मी आयकतो." मग सायकल वळवली. दोन पावलं गेले आणि थांबले. "चहा घेऊन देऊ तुले?"

"नको बाबा."

"बरं."

ते गेले. मी साडेबारापर्यंत बाकावर बसून होते, कारण मी साडेबाराची म्हटलं होतं.

चिठ्ठीची नक्कल:

पौर्णिमा,

तुझा पाय वळला नाही. तू म्हणतेस म्हणून सगळे तसं म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावरही तेच आहे. ते चूक आहे. चूक आहे हे मला २१ नोव्हेंबरपासून माहीत आहे.

सोबत दोन आलेख आहेत. पहिल्यात पट्टी नाही. फटक्यानंतर रेघ खाली येते आणि दुसरी रेघ वर जाते, म्हणजे पाऊल फिरलं, जोर निघून गेला. तुझा पाय आपोआप असाच करायचा. तुला ते कुणी शिकवलं नव्हतं, बाबांनी अनवाणी उभं केलं तेव्हापासून तो करत होता. दुसऱ्यात पट्टी आहे. लाल गोलातली रेघ वर जाते आणि तिथेच राहते. तुझं पाऊल मी सांगितलं तिथे होतं. एका केसाइतकंही हललं नाही. तू शेवटपर्यंत ऐकलंस.

पट्टी मी लावली, कारण तुझं पाऊल फिरलं की माझे आकडे बिघडत होते. दुसरं कारण नव्हतं. शेखरकाकांनी काढायला सांगितली होती. तू चाळिसाव्या फटक्याला विचारलंस, काढू का. मी वर बघितलं नाही.

माफी मागत नाही, कारण ती मागितली की तू देशील, आणि लगेच देशील. मला तुझ्याकडून ते नको आहे.

तुझा तुझ्या पायावर भरोसा राहिला नाही म्हणून तू ऑपरेशन नको म्हणालीस. ते कारण खोटं आहे आणि ते मी तुला दिलं. दुसरं कारण असेल तर ते तुझं. त्यावर मी काही बोलणार नाही. अकोल्याच्या सर्जनकडे सोमवार, १५ डिसेंबर सकाळची वेळ आहे. नऊ महिने ते वर्ष लागेल. पूर्वीसारखं होईलच असं ते म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. उशीर झाला तर गादी शिवता येणार नाही, हे मात्र नक्की.

दवाखान्यात मी असावं की नसावं, हेही तू ठरव. नको म्हणालीस तर आई येईल, मी तिच्यासोबत सगळे कागद पाठवीन.

ऑपरेशन करायचं की नाही, एवढंच मला बुधवार, १० डिसेंबर, संध्याकाळी सहाच्या आत कळव. एक शब्द पुरे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बाबांच्या फोनवरून पाठव.

रागिणी